गोधडी भिंतीवर टांगली की तिचं पोट का सुटतं?

प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या सुती नऊवारी आणि थोडं नवं इरकल वापरून 36 × 48 इंचांची गोधडी शिवली, मधोमध कापडाचं झाड. वरचा पट मशीनवर जोडून घेतला, मग आजी शिवायची तसा कडेपासून आत येत हाताने धावदोरा घातला. झाड उठून दिसावं म्हणून त्यावर टाके घातले नाहीत. कडेला क्रॉस पट्टीचा, म्हणजे तिरप्या कापाच्या पट्टीचा गोट, वरच्या बाजूला पाच लूप. स्थानिक प्रदर्शनात टांगल्यावर मधला भाग फुगला, बाजूच्या कडा लहरल्या आणि वरची कड लूपांच्या मधे खाली आली. आता सगळी उसवायची का? आणि प्रदर्शनात हात लावू देत नाहीत, तर दुसऱ्यांच्या कामातून शिकायचं कसं?

सगळी उसवू नका. शिवून झाल्यावर कडेला आणि मधे किती भरते ती मापं तुम्ही दिलेली नाहीत, त्यामुळे किती उसवावी लागेल हे गोधडी जमिनीवर पसरून तुम्हालाच ठरवावं लागेल. ते कसं, ते पुढे लिहिते. पण कारणांचा अंदाज तुमच्या वर्णनावरून येतो. टाका घालण्यात चूक दिसत नाही. दोन वेगळ्या पद्धतींचे अर्धे-अर्धे भाग एकत्र आलेत, आणि त्यांचा हिशोब मधल्या झाडापाशी येऊन अडकला आहे.

अंथरुणाची गोधडी कशी होते बघा. जमिनीवर अस्तर, त्यावर जुन्या धोतर-साड्यांचे थर, वर एखादं अख्खं लुगडं. कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणायचं, लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून फेरे घेत आत यायचं. यात प्रत्येक फेरी वरचं कापड केसभर पुढे ढकलते. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत अर्धा-पाऊण इंच झोल मधे साचतो आणि बारीक चुण्यांमध्ये जिरून जातो. अंगावर घ्यायच्या गोधडीत त्या चुण्या कुणाला खटकत नाहीत, उलट त्यांनीच ती मऊ लागते.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका शिवतात ती कवंडी, म्हणजे तिथली गोधडी, तीसुद्धा कडेपासून आत जाते. पण तिथे वरचा पट आधी तयार नसतो. एकेक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि लगेच धावदोऱ्याने खाली बसवायचा. झोल साचायच्या आत पुढचा तुकडा त्याला झाकून टाकतो. कडेपासून आत येणं त्या पद्धतीत चोख बसतं, कारण पट आणि शिवण एकाच वेळी घडतात. तुमचा पट मात्र मशीनवर आधीच पक्का झालेला होता. अशा पटाला मधून बाहेर शिवायचं असतं, म्हणजे सरकलेलं कापड कडेला येतं आणि शेवटी कापून टाकता येतं. तुम्ही आधी कडा पक्क्या केल्यात, त्यामुळे सरकणाऱ्या कापडाला जायला फक्त झाडाची जागा उरली.

त्यात झाड मोकळं सोडलं. धावदोरा कापड ओढून घेतो. अर्ध्या इंचावर फेऱ्या घातल्या तर तीन फुटांमागे पाऊण-एक इंच सहज आटतो. दोरा ओढून धरायची सवय असेल तर आणखी. बाजूचा भाग असा आटला आणि मधलं झाड मूळ मापाचंच राहिलं, की ते पुढे येणारच. हे उलटंही होतं: मधे दाट, कडेला विरळ अशी शिवण घातली की मधला भाग सपाट राहतो आणि कडा झालरीसारख्या लहरतात. म्हणून भिंतीवरच्या कामात टाके कमी की जास्त याला फारसा अर्थ नाही, सगळीकडे घनता जवळपास सारखी हवी. कुठला आकार उठून दिसावा असं वाटत असेल तर त्याच्या कडेलगत एक ओळ घाला आणि आतही त्याच रंगाच्या दोऱ्याने ओळी घाला. त्या लांबून दिसत नाहीत, पण कापड धरून ठेवतात.

तुमच्या कडा लहरण्याचं मुख्य कारण मला क्रॉस पट्टी वाटते. तिरप्या कापाचं कापड रबरासारखं ताणलं जातं. गोल कडेला ते हवंच, पण सरळ कडेला नको. मशीनखाली ती पट्टी आणि तिच्याबरोबर गोधडीची कड दोन्ही लांबतात. 48 इंचांची बाजू 49 होऊन बसते आणि मधलं माप 48च राहतं.

इरकलचं थोडं वेगळं आहे. त्याचं अंग बहुधा सुती आणि काठ रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, विणही दाट. आजीची नऊवारी शंभर वेळा धुऊन जितकी आटायची तितकी आटलेली आहे; नवं इरकल पाण्यात न घालता वापरलं असेल तर ते अजून आटायचं आहे. काठाच्या आजूबाजूला बारीक सुरकुत्यांची रांग दिसली तर कारण हेच.

आता तपासणी. गोधडी फरशीवर पसरा, हाताने दाबून सरळ करू नका, नुसती सोडा. जमिनीवर सपाट बसत असेल तर दोष टांगण्याचा आहे आणि काम एका संध्याकाळचं. जमिनीवरही मधे उंचवटा राहत असेल तर शिवणीत हात घालावा लागेल. मग टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मधे, खाली. उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. वरची-खालची रुंदी मधल्यापेक्षा अर्ध्या इंचाहून जास्त भरली तर कडा लांबल्यात. कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर गोधडी तिरकी आहे, आणि कितीही सरळ टांगली तरी खालचा एक कोपरा पुढे येत राहील. ही आठ मापं कागदावर लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर पुन्हा घ्यायची आहेत.

दुरुस्तीची सुरुवात गोट काढून करायची, मधल्या फुगवट्याला नंतर हात घालायचा. कड मोकळी झाल्याशिवाय आतलं कापड सरकू शकत नाही. गोट निघाल्यावर फुगवटा किती ते बघा. तळहात ठेवून हलकं दाबल्यावर कापड चुणी न पडता बसत असेल, तर उसवायची गरज नाही. झाडावर पाव इंचाच्या अंतराने ओळी घाला: खोडाच्या मधून सुरुवात, मग फांद्या, मग पानांच्या कडा, नेहमी मधून बाहेर. इतका झोल दाट शिवण पिऊन टाकते.

दाबल्यावर घडी पडत असेल तर झोल जास्त आहे, आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. झाडापासून सगळ्यात जवळच्या बाजूपर्यंत आठ-दहा इंच रुंदीच्या पट्ट्यातले टाके उसवा, फक्त त्या पट्ट्यातले. बाकीच्या फेऱ्यांचे दोरे कापलेल्या जागी मोकळे होतील, म्हणून कापताना प्रत्येकाचं दोन-तीन इंच टोक सोडा, ते सुईत ओवून आतल्या थरात लपवा. मग हाताच्या कडेने झोल त्या वाटेने बाहेर सारत न्या, दर चार इंचांवर कच्चा टाका घाला आणि झाडाकडून बाहेर शिवत या. कडेला जास्तीचं कापड आलेलं दिसेल. ते लगेच कापू नका.

आधी गोधडी ओली करून ताणून वाळवायची. पण त्याआधी रंगाची परीक्षा: पांढऱ्या सुती फडक्याचा ओला तुकडा प्रत्येक रंगावर दहा मिनिटं दाबून ठेवा, विशेषतः लाल, मरून आणि गडद निळ्यावर. डाग उतरला तर पूर्ण ओली करू नका. वाफेची इस्त्री कापडापासून इंचभर वर धरून फक्त वाफ द्या आणि ताणा. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. गिरणीत रंगवलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. तुरटीचा उपयोग वनस्पतींच्या रंगांनी रंगवताना असतो, तयार साडीवर ती काही करत नाही. पुढच्या वेळी कापण्याआधी प्रत्येक कापड वेगळं, साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड या कामातून बाद. कितीही सुंदर असलं तरी.

रंग पक्के असतील तर गार पाण्यात भिजवून, पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. प्लायवूडवर जुनी चादर घालून त्यावर गोधडी पसरा. सुताराचा गुण्या कोपऱ्यात धरून कोपरे काटकोनात आणा आणि दर दोन इंचांवर स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या लावा. साध्या टाचण्या गंजाचे डाग सोडतात, ते निघत नाहीत. पंख्याखाली दोन दिवस; पावसाळ्यात हे काम काढूच नका, मधला थर ओला राहतो आणि काळे ठिपके पडतात. पूर्ण वाळल्यावर, टाचण्या काढायच्या आधी, मधल्या मापाप्रमाणे कडांच्या रेघा आखा आणि मग कापा. आखायला खडू किंवा साबणाची वडी बरी. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं थंडीत पुन्हा उमटतात, आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर इस्त्री फिरली तर खूण कायमची बसते.

नवा गोट सरळ धाग्याच्या कापडाचा घ्या. तुमच्या मापाला घेर 168 इंच, जोड आणि कोपऱ्यांना दहा-बारा मिळून 180. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या, म्हणजे साधारण 35 सेंमी कापड. पट्टी उभी दुमडून दुहेरी लावा. महत्त्वाचं हे, की पट्टी कडेवर ठेवून शिवत जायचं नाही. मधल्या मापाइतक्या लांबीवर पट्टीला अर्ध्याची, पावाची खूण करा, गोधडीच्या कडेलाही तशाच खुणा करा, खुणेला खूण लावून टाचा आणि मग शिवा. कड थोडी जास्त असेल तर कडेपासून पाव इंचावर एक धावदोरा घालून हलका ओढून घ्या. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चुणी न दिसता जिरतो.

लूप काढून टाका. पाच लूप म्हणजे पाच ठिकाणी आधार आणि मधे चार ठिकाणी लोंबणारं कापड, दुसरं काही होणं शक्यच नाही. प्रदर्शनाच्या गोधडीला मागून नेफा लावतात, म्हणजे दांडा सरकवायची कापडी नळी. 35 × 9 इंचांची सुती पट्टी घ्या, दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दुमडून शिवा म्हणजे 34 राहील. लांबीत दुमडून पाव इंचावर शिवलं की सव्वाचार इंचांची चपटी नळी होते. ती गोधडीला बसवताना पाठीला चिकटणारी बाजू 4 इंच आणि मोकळी बाजू साडेचार राहील अशी घडी पाडा. हा अर्धा इंच सैलपणा दांड्यासाठी. तो ठेवला नाही तर दांड्याचा उंचवटा पुढून आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. नेफा गोटाच्या खाली अर्धा इंच सोडून, अस्तर आणि भर (मधले थर) यांतून जाणाऱ्या तुरपाईच्या टाक्यांनी लावा, टाका पुढे दिसता कामा नये. नुसत्या अस्तराला लावला तर काही महिन्यांत अस्तर ओघळतं. आत दीड इंच रुंद, पाव इंच जाड, वार्निश केलेली लाकडी पट्टी, 35 इंच लांब. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच बाहेर राहील, तिथे खिळ्यावर टेकेल आणि पुढून दिसणार नाही. भिंतीवर कडेला ओळंबा सोडून बघा. छत आणि फरशी यांच्यावर विश्वास ठेवू नका. खालच्या कडेत जड पट्टी घालून दोष ताणून काढायचा सल्ला मिळेल. त्याने वळलेली खालची कड जरा सरळ होते, पोट जात नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण या सगळ्या मोजमापात ती हरवते. प्रत्येक लाट हा दोष नव्हे. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. त्यांतल्या कित्येक काटकोनात नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, आणि त्या तशाच बघायच्या असतात. जुनी वापरलेली गोधडी भिंतीवर लावली तर तिचा लोंबता भाग तिच्या वयाचा असतो. तुमचं काम वेगळं: तुम्ही झाडाकडे नजर जावी म्हणून रचना केलीत आणि नजर पोटाकडे जाते आहे. म्हणून दुरुस्त करायचं. तुम्हाला लाट हवी असती तर ती ठेवायला माझी ना नव्हती.

प्रदर्शनाबद्दल. हात लावू देत नाहीत ते बरोबर आहे. हाताला लागलेलं तेल आणि घाम कापडात राहतो आणि शंभर जणांनी चाचपलं की कड काळी पडते. पण हात न लावताही बरंच कळतं. आधी पंधरा-वीस फुटांवर उभ्या राहा आणि डोळे अर्धे मिटा. तरीही जे आकार वेगळे दिसतात, ते रंगांच्या गडद-फिक्या फरकावर उभे आहेत. जे मिसळून जातात ते नुसत्या रंगाच्या भरवशावर आहेत. फोटोला परवानगी असेल तर फोनमध्ये एक काळा-पांढरा फोटो काढा, हीच परीक्षा चोख होते. लाल आणि हिरवी नऊवारी शेजारी ठेवल्यावर प्रत्यक्षात उठून दिसते, काळ्या-पांढऱ्यात बहुतेकदा एकच करडा रंग उरतो.

मग तीन फुटांवर या आणि बाजूने बघा, समोरून नाही. गोधडीच्या कडेशी जवळजवळ भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहिलं की उंचवटे, ओढलेले टाके, दाट-विरळ शिवण सगळं सावलीतून दिसतं. टाक्यांची घनता कुठे बदलते आणि तिथे कापड काय करतं, एवढंच पाच कामांत बघितलंत तरी पुढचं काम बदलेल. दोन ओळींमधलं अंतर डोळ्याने मोजायला स्वतःच्या अंगठ्याची रुंदी आधी मोजून ठेवा. टाके एका इंचात किती ते वरच्या बाजूचे मोजतात; अंथरुणाच्या गोधडीत चार-पाच चालतात, बारीक हातकामात आठ-दहा. पण सारखेपणा आकड्याहून मोठा, लांब आणि एकसारखे टाके मला बारीक आणि धावपळीच्या टाक्यांपेक्षा केव्हाही आवडतात.

शेवटी कोपरे आणि टांगणी बघा. कोपऱ्यात गोट कसा दुमडला आहे, आत भर पोचली आहे की टोक पोकळ आहे, वरची कड सरळ आहे का. पाठ बघायची असेल तर विचारा. मोठ्या प्रदर्शनांत हातमोजे घातलेले स्वयंसेवक कोपरा उलटून दाखवतात. आपल्याकडच्या लहान प्रदर्शनात कलाकार स्वतःच तिथे असतात आणि पाठ दाखवायला बहुतेक जण आनंदाने तयार होतात. पाठीवर गाठी, दोऱ्याचा ताण, नेफा, सगळा कारभार उघडा असतो. भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसमध्ये बचतगटांच्या गोधड्या दिसल्या तर तिथेही थांबा. विक्रीला असल्याने त्या हाताळता येतात, आणि थरांचं वजन, दोऱ्याची जाडी यांचा अंदाज हातालाच येतो. कुणाचं डिझाइन टिपून घ्यायचं असेल तर आधी विचारा.

दुरुस्त केलेली गोधडी पुढच्या प्रदर्शनाला द्यायची असेल तर प्रवेशाचे नियम आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी दोन किंवा तीन थर आणि ते एकत्र धरणारी शिवण असल्याशिवाय काम घेत नाहीत, आणि नेफ्याची रुंदी ठरलेली असते, बहुधा 4 इंच. अर्जात उंची आधी की रुंदी आधी हेही बघून भरा, गोधडी आडवी टांगली गेल्याचे प्रकार यातूनच होतात. पाठीवर खालच्या कोपऱ्यात सुती पट्टीवर नाव, साल, माप आणि कापड कुठलं ते लिहून शिवा.

घरी लावताना खिडकीचं ऊन टाळा. संग्रहालयांत कापडावर साधारण 50 लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात; आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कित्येक पट असतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी उतरवून विश्रांती द्या. उतरवल्यावर घडी नको. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मलमल गुंडाळून त्यावर गोधडी चांगली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे चुण्या अस्तरावर पडतात. वरून पुन्हा मलमल, प्लास्टिक नाही. कापताना खळ वापरली असेल तर ठेवणीत टाकण्याआधी ती धुऊन गेलेली असायला हवी. झुरळं आणि चंदेरी किडे खळीसाठीच येतात आणि कापडही कुरतडून जातात.